वजनकाटा खाली ठेवल्यावर: स्कॉटलंडचे हौशी गरवे आणि फ्लॅपर स्केट

जुराच्या सामुद्रधुनीत गरवायला जायचं तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं लागतं. उधाणाच्या दिवसांत इथल्या पाण्याला एवढी ओढ असते की किलोभर शिसं लावलं तरी दोरी तळाला ठरत नाही. जवळच, जुरा आणि स्कार्बा या बेटांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, कोरीव्रेकनचा प्रसिद्ध भोवरा आहे. म्हणून स्कॉटलंडच्या या पश्चिम किनाऱ्यावरचे तांडेल भांगाचे दिवस धरतात. ओबनहून किंवा क्रिननहून होडी निघते, शंभर-दीडशे मीटर पाण्यात नांगर पडतो, मोठ्या गळाला अख्खा मॅकरेल ओवून तळाशी सोडला जातो, आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही.

घडतं तेव्हा काठीचं टोक हळूच दोनदा वाकतं. गळाला लागलेला प्राणी पळत सुटत नाही, तो तळाला अंग चिकटवून बसतो. त्या रुंद, चपट्या देहाची तळावरची पकड सोडवताना माणसाची कंबर आणि खांदे भरून येतात. अर्धा-पाऊण तास गेल्यावर पाण्याखाली एक तपकिरी चौकोन दिसू लागतो, दाराच्या फळीएवढा. हा फ्लॅपर स्केट. आपल्याकडे ज्याला पाकट म्हणतात त्याचा थंड पाण्यातला भाईबंद, आणि युरोपातला सगळ्यात मोठा स्केट. लांबी दोन मीटरच्या पुढे सहज जाते, वजन शंभर किलोच्या वर.

पुढच्या चार-पाच मिनिटांत होडीवर जे होतं, त्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. माशाच्या पाठीवर समुद्राचं पाणी ओतत राहतात. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप लागते, मग एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत. नर की मादी ते बघतात. नराला शेपटीच्या मुळाशी दोन लांबट अवयव असतात, त्यामुळे क्षणात कळतं. पाठीचा वरून सरळ फोटो निघतो. काही होड्यांवर एक छोटं यंत्र अंगावरून फिरवतात, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असेल तर नंबर दिसतो. गळ निघतो आणि मासा पुन्हा पाण्यात. वजन कोणी करत नाही. लांबी-रुंदीवरून अंदाजे वजन सांगणारा तक्ता होडीवर असतो, गरव्याला तेवढं पुरतं.

तो काटा खाली ठेवला जायला, आणि त्या टेपेच्या आकड्यांतून समुद्राचा एक तुकडा कायद्याने राखला जायला, सुमारे चाळीस वर्षं लागली.

मासा कसा नाहीसा झाला

स्केट, पाकट आणि शार्क ही एकाच कुळातली मंडळी. हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा, उशिरा वयात येणं, मोजकी पिल्लं. कॉड मादी एका हंगामात लाखोंनी अंडी सोडते. मोठा स्केट वर्षाला साधारण चाळीस अंडी घालतो असं धरतात. ही अंडी कातडी पिशवीसारखी, वीतभराहून मोठी, आणि ती फुटायला लागणारा काळ ऐकून मी थबकलो होतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर एक अंडं टाकीत सांभाळलं गेलं, त्यातून पिल्लू बाहेर यायला 534 दिवस लागले. म्हणजे दीड वर्ष एक पिशवी तळाशी दगडांच्या बेचक्यात पडून राहणार, आणि त्या दीड वर्षात वरून तळ खरवडणारं एकही जाळं जायला नको.

जाळ्याच्या दृष्टीने या माशाचा आणखी एक दोष म्हणजे त्याचा आकार. अंड्यातून निघालेलं पिल्लूच पाव मीटरहून लांब असतं. बारीक मासे जाळ्याच्या डोळ्यांतून निसटतात, तशी याला पहिल्या दिवसापासून सूट नाही. वयात यायला दहा-बारा वर्षं, मादीला बहुधा त्याहून जास्त, आणि तोवर प्रत्येक वर्षी जाळ्यात सापडण्याची पुरेपूर शक्यता.

1981 मध्ये कीथ ब्रँडर यांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. आयरिश समुद्रात एकेकाळी सर्रास मिळणारा कॉमन स्केट तिथून दिसेनासा झाला आहे, आणि तो थेट धरण्यासाठी कोणी गेलं नसतानाही झाला आहे, हे त्यांनी मांडलं. इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत तो आपसूक येत राहिला, आणि इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला तेवढी तूटही भरून काढता आली नाही. व्यापारी मासेमारीने एखादा सागरी मासा एका समुद्रातून जवळजवळ पुसून टाकल्याचं हे पहिलं ठसठशीत उदाहरण मानतात. नाव ‘कॉमन’, आणि अवस्था ही.

वर घोळ असा की तो मासा एक नव्हताच. 1926 मध्ये दोन वेगळ्या मानलेल्या जाती एकाच नावाखाली घातल्या गेल्या. 2010 मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलं की जाती दोन आहेत: लहान अंगाचा ब्लू स्केट आणि थोरला फ्लॅपर स्केट. चौऱ्याऐंशी वर्षं दोघांची एकत्र मोजदाद झाली. लहान जात लवकर वयात येते, तेव्हा एकत्र आकड्यांत थोरल्याची घसरण झाकली जाणार हे उघड आहे. आज फ्लॅपर स्केट आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची खोल, खडकाळ आणि ओढीची पाणी जाळ्यांना अवघड होती. तिथे तो उरला. आणि नेमक्या तिथेच त्याच्यामागे गळ घेऊन गरवे आले.

धक्क्यावर टांगलेले मासे

हा भाग गरव्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याला गाळावासा वाटतो. गाळू नये. 1960-70 च्या दशकांत आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या बंदरांत मोठा स्केट पकडला की तो मारून धक्क्यावर आणत. खांबाला टांगून बाजूला माणूस उभा राहून फोटो, मग वजन, मग नोंद. खाण्यासाठी कोणी एवढा मोठा मासा नेत नसे, बहुतेक वेळा तो वाया जाई. विक्रम मान्य व्हायचा तर मासा जमिनीवर, खात्रीच्या काट्यावर चढायला हवा, असा नियम. आणि शंभर किलोच्या वरच्या स्केट जवळजवळ सगळ्या माद्या असतात, कारण नर तेवढे वाढत नाहीत. म्हणजे बक्षिसाची रचनाच अशी की मोठी, अंडी घालणारी मादी आधी मरावी.

माझ्या मते या साऱ्या कथेतला सगळ्यात कमी बोलला जाणारा निर्णय इथला आहे. आयर्लंडच्या विक्रम-समितीने 1976 मध्ये कॉमन स्केटला आपल्या यादीतून काढून टाकलं. सरकारने बंदी घातली नव्हती, युरोपीय कायदा यायला अजून तीस वर्षं होती. गरव्यांच्याच संस्थेने ठरवलं की या माशाचं वजन आम्ही मोजणार नाही. मारण्याचं कारणच काढून घेतलं. लांबी-रुंदीवरून वजन सांगणारे तक्ते त्यानंतर कामाला आले. असा तक्ता बनवायला कधीतरी मासे खरोखर तोलावे लागतात. धक्क्यावर टांगलेल्या त्या माशांचे आकडे, निदान त्यांचे आकडे, तरी उरले.

पकडून सोडणं ही सवय मग हळूहळू बसली. काही तांडेलांनी आपल्या होडीवर मेलेला स्केट घेणारच नाही असं सांगितलं, आणि गिऱ्हाइकांनी ते मानलं. एका छोट्या किनाऱ्यावर दहा-बारा होड्या असताना तांडेलाचा शब्द कायद्याइतका चालतो.

खूण लावून सोडलेला मासा

आयर्लंडमध्ये 1970 पासून हौशी गरव्यांकडून मासे खुणावून सोडण्याचा कार्यक्रम सुरू आहे. सरकारी मत्स्य-विभाग खुणा आणि नोंदपत्रं देतो, होडीचे तांडेल आणि अनुभवी गरवे खूण लावतात. स्कॉटलंडमध्ये 1970 च्या दशकात ग्लासगोच्या संग्रहालयाने असंच काम स्केट आणि टोप शार्क यांच्यावर सुरू केलं. संग्रहालयाकडे ना जहाज होतं, ना समुद्रात घालवायला पैसा. होड्या गरव्यांच्या, डिझेल त्यांचं, दिवसही त्यांचे.

खूण म्हणजे नंबर आणि पत्ता छापलेला प्लॅस्टिकचा तुकडा. मासा पुन्हा कुठे सापडला की ज्याने पकडला त्याने नंबर कळवायचा. दोन्ही माशांनी उलटी उत्तरं दिली, आणि मला वाटतं या प्रकरणाचं मर्म तिथे आहे.

टोप हा सडपातळ, राखाडी, दीड-दोन मीटरपर्यंत वाढणारा शार्क. त्याच्या खुणा लांबलांबून परत आल्या. ब्रिटन-आयर्लंडच्या पाण्यात खुणावलेले टोप अझोर्स आणि कॅनरी बेटांजवळ, तर उत्तरेला आइसलंडकडे सापडले आहेत. एका खाडीला कुंपण घालून टोप वाचणार नाही, हे त्यावरून समजलं. त्याच्यासाठी नियम माशावर घालावा लागतो, जागेवर नव्हे. इंग्लंडमध्ये 2008 मध्ये टोपसाठी स्वतंत्र आदेश निघाला, तेव्हापासून होडीवरून गळाने धरलेला टोप किनाऱ्यावर आणता येत नाही आणि जाळ्यात चुकून आलेल्यावरही दिवसाची मर्यादा आहे. स्कॉटलंडने 2012 मध्ये शार्क, स्केट आणि पाकटांच्या अनेक जातींसाठी असाच आदेश काढला. तरीही 2020 मध्ये लाल यादीत टोप ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला, कारण हा मासा जगभरच्या थंड-समशीतोष्ण समुद्रांत आहे आणि सगळीकडे कोणी तो सोडून देत नाही.

स्केटच्या खुणा मात्र जिथे लावल्या तिथूनच परत येत राहिल्या. तोच नंबर, तीच खाडी, कधी दुसऱ्या वर्षी, कधी कित्येक वर्षांनी. जाळ्याने धरलेला मासा एकदाच सांगतो, कारण तो मरतो. गळाने धरून सोडलेला पुन्हा पुन्हा सांगतो. त्याच काही मैलांच्या पाण्यात त्याच होड्या दर वर्षी जात होत्या म्हणून ही गोष्ट कळली. संशोधन-जहाज वर्षातून एकदा ठरलेल्या रेषेवर जाळं ओढून जातं. खडकाळ खाचांत ते जातही नाही.

एकविसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी या जुन्या नोंदींवर नवी यंत्रं चढवली. काही स्केटना आवाजाचा संकेत देणाऱ्या खुणा लावल्या आणि तळाशी ऐकणारी उपकरणं ठेवली, काहींना खोली आणि तापमान साठवणाऱ्या. मासे पुरवले पुन्हा गरव्यांनीच. 2015 मध्ये निघालेल्या अभ्यासात चित्र स्पष्ट झालं: सगळे स्केट एकसारखे वागत नाहीत, काही दूर जातात, पण बरेचसे महिनोन् महिने मर्यादित पाण्यात राहतात.

असा मासा जागा राखून वाचवता येतो.

741 चौरस किलोमीटर

युरोपीय संघाने 2009 पासून कॉमन स्केट बंदरात उतरवायला मनाई केली होती. पण उतरवायची मनाई म्हणजे धरायची मनाई नव्हे. जाळ्यात आलेला स्केट समुद्रात फेकून दिला जाई, मेलेला किंवा अर्धमेला. तळाचं जाळं थांबवायचं तर जागेचा नियम लागतो.

स्कॉटलंडने 2010 मध्ये सागरी कायदा केला आणि त्याखाली राखीव क्षेत्रांसाठी जागा शोधायला सुरुवात केली. असं क्षेत्र जाहीर करायचं तर ‘इथे हा प्राणी आहे आणि तो इथेच राहतो’ याचा पुरावा लागतो. स्केटबाबतीत तो गरव्यांच्या वह्यांत होता. स्कॉटलंडच्या समुद्री गरव्यांचं संवर्धनासाठी काम करणारं जाळंही त्या वर्षांत उभं राहिलं होतं. दक्षिणेकडच्या लूस उपसागरात शार्क खुणावण्याचे वार्षिक मेळावे भरत, आणि सरकारी सल्लामसलतीत हीच माणसं आकडे घेऊन बसत. 2014 मध्ये लॉख सुनार्टपासून जुराच्या सामुद्रधुनीपर्यंतचा 741 चौरस किलोमीटरचा पट्टा फ्लॅपर स्केटसाठी राखीव झाला.

नकाशावर रेघ मारली म्हणून मासा वाचत नाही. जाहीर झालं 2014 मध्ये, मासेमारीवरचे नियम लागू झाले 2016 मध्ये. तळ खरवडून शिंपले काढणारी अवजारं, तळाची ओढजाळी, उभी जाळी आणि अनेक गळांच्या लांब दोऱ्या यांच्यावर निर्बंध आले, काही संपूर्ण पट्ट्यात तर काही ठरावीक भागांत. झिंगे-खेकड्यांचे पिंजरे आणि हौशी गळ चालू राहिले.

इथे ओढजाळीवाल्यांची तक्रार अशी, की आमची पिढीजात पाणी गेली आणि मौजेसाठी येणाऱ्यांना मात्र आत मोकळीक. या तक्रारीत दम आहे, ती मी झटकून टाकणार नाही. पोटासाठी मासे धरणाऱ्याने थांबायचं आणि हौसेसाठी धरणाऱ्याने चालू ठेवायचं, हे ऐकायलाही बरं वाटत नाही. त्याला एकच प्रामाणिक उत्तर असू शकतं: गळाने होणारं नुकसान खरोखर किती, हे गरव्यांनी मोजू द्यावं आणि जे निघेल ते मानावं.

ते मोजलं गेलं, हे या प्रकरणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्या स्केटच्या अंगावर खोली नोंदवणारी यंत्रं होती ते काही वेळा पुन्हा गळाला लागले, आणि पकडीचा प्रसंग आलेखावर उमटला: तळावरची झटापट, मग शंभर मीटरहून जास्त पाण्यातून वर ओढलं जाणं, होडीजवळचे काही क्षण आणि सुटका. बहुतेक मासे सुटल्यावर काही काळ मंद राहिले आणि मग नेहमीच्या लयीला आले. मोजके मात्र सुटकेनंतर काही वेळातच अचानक वर उसळी घेताना दिसले. त्याचा नेमका अर्थ काहीही असो, मासा त्रासतो एवढं त्यातून उघड होतं. म्हणून आज गरव्यांच्या मार्गदर्शिकेत हाताळणीवर इतका भर आहे. लोखंडी आकडा अंगात खुपसून ओढायचं नाही, शेपटीला धरून उचलायचं नाही, पोटाखाली आधार द्यायचा, पाठ ओली ठेवायची, गळ खोल गेला असेल तर ओढत न बसता दोरी कापायची. शक्य असेल तिथे मासा होडीत न घेता बाजूला पाण्यातच मोजायचा. जे हे पाळत नाहीत त्यांच्यासाठी राखीव पट्ट्यात जागा नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाठीवरचे ठिपके

प्लॅस्टिकच्या खुणांना एक खोट होती. त्या कधी गळून पडत, कधी कातडीला घासून जखम करत. कातडीखालच्या चिपने ते सुटलं, पण चिप वाचायला यंत्र लागतं आणि ती बसवायला शिकलेला हात. प्रत्येक होडीवर दोन्ही नसतात. फोटो काढायचं साधन मात्र प्रत्येकाच्या खिशात असतं.

फ्लॅपर स्केटच्या तपकिरी पाठीवर फिकट ठिपक्यांची आणि डागांची नक्षी असते. दोन माशांची नक्षी सारखी नसते, आणि वर्षं गेली तरी ती फारशी बदलत नाही. चिप असलेल्या माशांचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवून हे पडताळून घेता आलं. ओबनजवळच्या डनस्टाफनेज इथल्या सागरी संशोधन संस्थेने आणि स्कॉटलंडच्या निसर्गरक्षण विभागाने मिळून ‘स्केटस्पॉटर’ नावाचा फोटोसंग्रह उभा केला. गरवे फोटो पाठवतात, संग्रहातल्या जुन्या फोटोंशी तो जुळवला जातो, आणि ओळख पटली तर पाठवणाऱ्याला कळतं की आपला मासा याआधी कधी, कुठे भेटला होता.

फोटोत काय चुकतं हे बघण्यासारखं आहे. माणूस हौसेने मासा उचलून कॅमेऱ्याकडे धरतो. त्याचा चेहरा छान येतो, माशाच्या पंखाला घडी पडते. ओल्या पाठीवर सूर्य चमकला की मधले ठिपके पांढऱ्या डागात बुडतात. पायाची किंवा दोरीची सावली नेमकी ओळखीच्या खुणेवर पडते. कामाचा फोटो दिसायला अगदी साधा असतो: वरून काढलेला, पंख पसरलेले, माणूस कुठेच नाही. खांबाला टांगलेल्या माशाशेजारी उभं राहून काढलेल्या त्या फोटोंपासून इथवर आलेला हा प्रवास एका चौकटीत दिसतो.

फोटोंनी दुसरं काम केलं ते हिशोबाचं. किती मासे पुन्हा भेटतात आणि किती नवे येतात, यावरून त्या पाण्यात साधारण किती मासे आहेत आणि वर्षाकाठी किती जगतात याचा अंदाज बांधता येतो. 2016 नंतरच्या काळात राखीव पट्ट्यात गरव्यांना स्केट मिळण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा वाढल्याचं अशा विश्लेषणातून दिसलं आहे. इतक्या सावकाश वाढणाऱ्या माशात एवढ्या लवकर दिसलेली वाढ मुख्यतः जगण्याची असणार: जाळ्यात मरत होते ते मरेनासे झाले. नव्या पिढीचा फरक कळायला अजून वेळ आहे.

गरव्यांच्या नोंदीत काय नसतं

एवढं सांगून झाल्यावर या माहितीची कच्ची बाजूही लिहायला हवी. गरवा मासे असतात तिथे जातो, नसतात तिथे जात नाही. त्यामुळे त्याची वही मासे कुठे आहेत हे उत्तम सांगते आणि कुठून नाहीसे झाले हे उशिरा सांगते. लहान स्केट मोठ्या गळाला क्वचित लागतो, म्हणून पिल्लं कुठे वाढतात हे या वह्यांतून कळलं नाही. अंड्यांची मोठी जागा सापडली तीही गरव्यांना नाही. स्काय बेटाच्या पूर्वेला, लाँगे बेटाजवळ, पाणबुड्यांना तळावर शंभराहून अधिक अंडी दिसली. 2021 मध्ये तो भाग तातडीने राखीव केला गेला आणि 2023 मध्ये ते संरक्षण कायम झालं.

सगळ्यात मोठी उणीव रिकाम्या दिवसांची. मासा मिळाला की माणूस लिहितो. दिवसभर नांगर टाकून बसून काहीच न लागता परतला तर काय लिहायचं, असं त्याला वाटतं. पण किती तास, किती काठ्या, किती मासे, हे तिन्ही असल्याशिवाय ‘प्रमाण वाढलं’ हे म्हणता येत नाही. रिकामा दिवस शून्य म्हणून नोंदला गेला नाही तर समुद्र रिकामा होत असतानाही वही भरलेलीच दिसते. तांडेलांना हे पटायला वेळ लागतो आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे: रिकाम्या दिवसांची यादी म्हणजे गिऱ्हाईक पळवणारी यादी.

रिकाम्या नोंदींचं मोल किती, हे क्लाइडच्या खाडीत दिसलं. जुराहून फार लांब नाही, अॅरन बेटाचा परिसर. तिथे 1889 पासून ओढजाळ्यांना मज्जाव होता. 1962 मध्ये तो सैल झाला आणि 1984 मध्ये किनाऱ्यापासून तीन मैलांची शेवटची मर्यादाही उठली. अॅरनच्या लॅमलॅश उपसागरात गरव्यांचा उत्सव भरत असे आणि दर वर्षी सगळ्यांनी मिळून किती मासे धरले याची नोंद होत असे. ते वजन वर्षागणिक खाली येत गेलं, आणि 1990 च्या दशकात उत्सव बंद पडला, कारण धरायला काही उरलं नव्हतं. ती उतरती रांग पुढे संशोधकांनी क्लाइडच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून वापरली. बेटावरच्या लोकांनी पाठपुरावा करून 2008 मध्ये लॅमलॅश उपसागराचा एक भाग मासेमारीला पूर्ण बंद करून घेतला. गरवेही त्यात आले, आणि ते योग्य झालं.

आयर्लंडच्या खुणा-कार्यक्रमातही तेच. एंजल शार्क हा वाळूत दबून बसणारा, पाकटासारखा दिसणारा शार्क. ट्रली उपसागरातून त्याच्या नोंदी 1970 पासून येत होत्या आणि पुढे आटत गेल्या. तो तिथून जातो आहे हे ज्या एका लांब पल्ल्याच्या नोंदीवरून दाखवता आलं, ती हौशी गरव्यांची होती. सावरलेला मासा म्हणून स्परडॉगचं नाव घेता येईल: सुमारे दोन वर्षं पिल्लं पोटात वागवणारा हा छोटा शार्क दशकभराच्या बंदीनंतर इतका सावरला की 2023 पासून त्याची मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली. ती सुरू करताना आईच वाचावी म्हणून शंभर सेंटीमीटरहून मोठा मासा घ्यायला मनाई ठेवली गेली. 1976 मध्ये आयर्लंडच्या समितीने जे ओळखलं होतं, तेच इथे सेंटीमीटरमध्ये लिहिलं गेलं.

स्केटच्या बाबतीत घड्याळ फार सावकाश चालतं. 2016 मध्ये निर्बंध आले त्या वर्षी घातलेलं अंडं 2017-18 मध्ये फुटलं असेल. त्यातून निघालेली मादी पहिली अंडी घालील तेव्हा 2030 चं दशक बरंच पुढे गेलेलं असेल. त्याआधी कधीतरी, एखाद्या भांगाच्या दिवशी, ती पहिल्यांदा गळाला लागेल, आणि संग्रहात तिच्या ठिपक्यांशी जुळणारा फोटो सापडणार नाही. नोंदीत नवा क्रमांक पडेल, पुढे तारीख, खोली, लांबी, पंखांची रुंदी, आणि शेवटच्या रकान्यात: मादी, सोडली.